जाड अक्षर कोणासाठी?

पोस्ट लांब आहे, पण विषय रोज डोळ्यांसमोर असणारा आहे. जाड, भारदस्त, जुन्या वळणाचं मराठी अक्षर. ते दिसतं कसं, आलं कुठून आणि वापरावं कुठं. आणि या गोष्टीतला एक महत्त्वाचा धागा मुंबई-पुण्यात नाही, परंडा तालुक्यात सापडतो.

आधी आजचं चित्र. कुठल्याही तालुक्याच्या गावी चौकात उभं राहा. भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. नाव तीन फूट उंच, लाल, त्याला पिवळी कड, कडेला पुन्हा काळी सावली. त्याच चौकातल्या कचेरीच्या भिंतीवर अर्ज भरायची शेवटची तारीख सांगणारा एक कागद. टाइप इतका बारीक की चष्मा लावून, नाक भिंतीला टेकवून वाचावं लागतं. ज्या नावाची कुणाला गरज नाही ते अर्ध्या किलोमीटरवरून दिसतं. ज्या तारखेवर घरातलं वर्ष अवलंबून आहे ती हातभर अंतरावरूनही दिसत नाही.

म्हणजे जाड अक्षर आपल्याकडे आहे, भरपूर आहे. ते चुकीच्या जागी आहे. आणि हे भांडण जुनं आहे.

परंड्याचा किल्ला बघितला असेल तर तिथल्या तोफा आठवत असतील. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ एकेकाळी याच किल्ल्यावर होती. १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत ती ओतली गेली, पुढं परंड्यात आली आणि १६३२ च्या सुमारास आदिलशाहीनं ती विजापूरला नेली. तिच्या अंगावर अरबी-फारसी लिपीत लेख आहेत. कोणी ओतली, कोणाच्या राज्यात ओतली. धातूतलं ठसठशीत, सुंदर अक्षर. पण ते रयतेनं वाचावं म्हणून नव्हतं. किल्ल्याबाहेरच्या कुणब्याला त्यातलं एक अक्षर कळणार नव्हतं आणि कळावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. ती तोफ कोणाची आहे एवढं बजावलं की त्या अक्षराचं काम झालं.

जाड अक्षराचा हा पहिला धंदा: दबदबा.

दुसरा धंदा बघायचा तर त्याच तालुक्यात सीना नदीकाठी डोमगावला जायचं. इथं कल्याणस्वामींची समाधी आणि मठ आहे. कल्याणस्वामी म्हणजे समर्थ रामदासांचे शिष्य आणि लेखनिक. समर्थ सांगत गेले आणि कल्याणांनी दासबोध लिहून काढला, ही परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे. डोमगावच्या मठात दासबोधाची जुनी हस्तलिखित प्रत होती. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी ती शोधली आणि तिच्या आधारे १९०५ साली दासबोध छापून काढला. आज घराघरांत असलेल्या छापील दासबोधामागे परंडा तालुक्यातली एक पोथी उभी आहे. आपल्या भागात तरी हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवा. अक्षराच्या दृष्टीनं दासबोधात एक विलक्षण प्रकरण आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास, नाव लेखनक्रिया. अध्यात्माच्या ग्रंथात मधेच अक्षर कसं काढावं याचे सविस्तर नियम. ओव्या इथं देत नाही, त्यातला मुद्दा माझ्या शब्दांत सांगतो.

अक्षर वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं. शाई काळी कुळकुळीत असावी. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथं. ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं असेल तसंच शेवटचं, जणू एकाच टाकानं एका बैठकीत लिहिलंय. अक्षराचा काळेपणा आणि टाकाची जाडी शेवटपर्यंत सारखी. वरच्या ओळीची उकाराची शेपटी खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसता कामा नये. पान आधी शिशानं आखून घ्यावं म्हणजे ओळींतलं अंतर सारखं राहील. चारी बाजूंना जागा सोडावी, कारण कागद कडेनं झिजतो. कड झिजली तरी अक्षर शाबूत राहिलं पाहिजे.

आणि या सगळ्यात मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. मध्यम जाडीचं लिहावं.

सतराव्या शतकातली सूचना आहे ही. चष्मा सहज मिळत नव्हता तेव्हाची. अक्षराची जाडी लिहिणाऱ्याच्या थाटावर ठरवायची नाही, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर ठरवायची. तोफेवरच्या अक्षराच्या बरोबर उलटा विचार, आणि दोन्हींचा पत्ता एकाच तालुक्यातला.

आता हे अक्षर दिसतं कसं ते बघू.

इंग्रजीत ज्याला सेरिफ म्हणतात ते म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेले छोटे पाय. जुन्या इंग्रजी पुस्तकांतली अक्षरं बघा, आय किंवा टी सरळ दांडा नसतो, खाली-वर छोटी बैठक असते. आपल्या देवनागरीला असे पाय नाहीत. तिला डोक्यावर शिरोरेघ आहे, तीच सगळ्या अक्षरांना बांधून ठेवते. पण सेरिफ अक्षराचा दुसरा गुण, म्हणजे एकाच अक्षरात जाड आणि बारीक रेघांचा खेळ, तो आपल्याकडे पुरेपूर आहे. तो आला बोरूतून.

बोरूचं टोक तिरकं छाटतात. रोमन लिपीच्या टाकाचा तिरकेपणा एका बाजूला, देवनागरीच्या बोरूचा त्याच्या उलट बाजूला. त्यामुळं आपल्याकडे उजवीकडून डावीकडे खाली येणारा फटकारा जाड पडतो आणि डावीकडून उजवीकडे खाली जाणारा बारीक. ‘र’ काढून बघा. शेवटचा पाय निमुळता होत जातो. ही काही सजावट नाही, हत्याराची खूण आहे. छापखाने आल्यावर बोरू गेला, पण ही खूण शिशाच्या खिळ्यांत उतरली. जुन्या वळणाचं अक्षर आपण म्हणतो ते हेच.

छपाईची सुरुवात आपल्या मुलखाबाहेर झाली. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीनं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, मराठी शब्दांसाठी देवनागरी टाइप वापरून. १८१० चा त्याचा मराठी कोश मोडी टाइपात आहे. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना सुरू झाला. तिथं थॉमस ग्रॅहम यांनी मराठीचे टाइप सुधारले. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली निघालं, त्यात मराठी आणि इंग्रजी रकाने शेजारीशेजारी असत. म्हणजे आपलं अक्षर पहिल्याच वर्तमानपत्रात रोमन अक्षराच्या खांद्याला खांदा लावून उभं होतं. गणपत कृष्णाजींनी आधी शिळाछापावर पंचांग छापलं आणि मग स्वतःचे टाइप पाडले.

या सगळ्याचं शिखर म्हणजे निर्णयसागर. जावजी दादाजी, जन्म १८३९. लहानपणी मिशनच्या छापखान्यात कामाला लागलेला गरीब घरचा मुलगा. पुढं त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्या टाइपामागचा हात होता रानोजी रावजी आरू यांचा. पोलादाच्या कांडीवर अक्षर उलटं कोरायचं, त्याचा ठसा तांब्यावर मारून साचा करायचा, त्यात शिसं ओतायचं, मग खिळा तयार. अक्षर कोरणारा माणूस जगात कुणाला माहीत होत नाही. छापणाऱ्याचं नाव होतं, लिहिणाऱ्याचं होतं. पण संस्कृत आणि मराठीचे हजारो वाचक दीडशे वर्षं ज्या अक्षरांवर डोळे फिरवत आले ती आरूंच्या हातची किंवा त्यांच्या वळणावरची आहेत.

जाड टाइप कोरताना खरी परीक्षा असते अक्षराच्या पोटाची. सगळ्याच रेघा जाड केल्या तर पोट भरून जातं आणि छापताना शाई त्यात साचते. ‘ध’ची गाठ बुजते, ‘भ’ आणि ‘म’ सारखे दिसतात, ‘ष’ची आडवी रेघ गिळली जाते. चांगला कारागीर जाड रेघ आणखी जाड करतो पण बारीक रेघ बारीकच ठेवतो, म्हणजे आत उजेड राहतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द घ्या, त्यातल्या ‘ष्ट्र’मध्ये तीन अक्षरं एकावर एक आहेत. टाइप जाड असूनही ती तिन्ही वेगळी वाचता आली तर टाइप चांगला. आपल्यासाठी त्याहून सोपी कसोटी ‘परंडा’. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेला चिकटला की गावाचं नाव ‘परडा’ झालं म्हणून समजा.

निर्णयसागरच्या काळात जाड टाइप वापरायची एक शिस्त होती. ग्रंथाचं नाव, प्रकरणाचा मथळा, पंचांगातला महिना, श्लोक आणि टीका एका पानावर असतील तर श्लोक मोठ्या ठसठशीत टाइपात आणि टीका खाली बारीक. म्हणजे पान उघडल्यावर डोळा आधी कुठं जावा हे जाडी सांगायची. संपूर्ण मजकूर जाड टाइपात कोणी छापत नसे. सगळेच ओरडले तर ऐकू कोणाचंच येत नाही.

हीच शिस्त पुढं एका घरगुती वस्तूत उतरली. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं कालनिर्णय. तारखेचा आकडा मोठा आणि जाड, कारण तो चुलीपाशी बसलेल्या बाईला भिंतीवरून दिसला पाहिजे. तिथी-नक्षत्र बारीक, कारण ते हवं असलेला माणूस जवळ जाऊनच बघतो. ज्याला लांबून वाचायचंय त्याला जाड, ज्याला जवळून वाचायचंय त्याला बारीक. एवढा साधा हिशेब.

आता परंड्याकडे परत येऊ, कारण मुंबईत हे सगळं घडत होतं तेव्हा आपला भाग या घडामोडीच्या बाहेर होता. परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. राज्यकारभार आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत. उर्दूची नस्तालिक लिपी फार देखणी, पण तिचे खिळे पाडणं अतिशय अवघड, म्हणून उर्दू छपाई शिळाछापावरच चाले. आधी कातिब हातानं लिहिणार, मग ते दगडावरून छापणार. ही अडचण इतकी चिवट की लाहोरचं ‘जंग’ हे वर्तमानपत्र संगणकाच्या नस्तालिकवर आलं ते थेट १९८१ साली.

उर्दू भाषेला किंवा त्या कातिबांना बोल लावायचं कारण नाही. प्रश्न कारभाराचा होता. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात त्याच्याच जमिनीचा कागद यायचा तो त्याला न वाचता येणाऱ्या लिपीत. मराठी वर्तमानपत्र काढणंही सोपं नव्हतं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून, कारण निजामाच्या राज्यात राहून निजामावर लिहिता येत नव्हतं. आपल्या भागाचं नाव मथळ्यात छापायला भागाच्या बाहेर जावं लागलं. तोफेवरच्या लेखापासून १९४८ पर्यंत सामान्य माणसाचा अनुभव एकच: अक्षर कोणाचं तरी आहे, आपलं नाही.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हे बदललं. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. कचेरीवर, शाळेवर, एसटीच्या पाटीवर मराठी अक्षर आलं. आणि ते आणलं गावोगावच्या पेंटरांनी. चुन्याची भिंत, दोऱ्यानं मारलेली खडूची रेघ, चपटा ब्रश. चपटा ब्रश तिरका धरला की तोच बोरूचा जाड-बारीक खेळ भिंतीवर उतरतो. साक्षरतेच्या, कुटुंबनियोजनाच्या, देवीच्या लसीच्या घोषणा याच अक्षरात लिहिल्या गेल्या. नुकतंच अक्षर ओळखायला शिकलेला माणूस रस्त्यानं जाताना अडखळत का होईना ते वाचायचा. जाड अक्षराचा सर्वांत चांगला उपयोग महाराष्ट्रात कुठं झाला असेल तर तो या भिंतींवर, असं मला वाटतं.

मग फ्लेक्स आला आणि ब्रश गेला. फ्लेक्स स्वस्त आहे, तासाभरात मिळतो, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. पण त्याच्याबरोबर काही खोडी आल्या. जागा भरायची म्हणून अक्षर रबरासारखं ताणायचं. ताणलं की उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक होतात, बोरूचं गणित मोडतं. अक्षराला दोन-तीन कडा द्यायच्या, त्या आत घुसून पोट बुजवतात. आणि सगळं जाड, सगळं मोठं. शुभेच्छुकांची पस्तीस नावं जाड, पण सभा किती वाजता हे शोधावं लागतं.

अजून एक खोड फार कमी लोकांच्या लक्षात येते. मराठीचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीत या दोन अक्षरांचं वळण वेगळं आहे. संगणकावरच्या अनेक फाँटांत मुळातच हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात आणि आपण तेच फ्लेक्सवर, लग्नपत्रिकेत, शाळेच्या पाटीवर छापतो. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीची वर्णमाला ठरवून देताना या दोन अक्षरांची मराठी वळणंही सांगितली. २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शेकडो पाट्या नव्यानं रंगवायच्या, छापायच्या. नावातच ‘श’ आहे. एवढ्या वादानंतर बदललेलं नाव निदान मराठी ‘श’नं लिहावं.

चांगली अक्षरं मिळत नाहीत ही सबब आता चालणार नाही. फुकट मिळणारे कितीतरी युनिकोड फाँट आहेत. निर्णयसागरच्या वळणावर बेतलेला ‘तिरो देवनागरी मराठी’ आहे, त्यात मराठी ‘ल’ आणि ‘श’ आपोआप येतात. तो पुस्तकाच्या मजकुराला उत्तम. ‘मार्तेल’ हलक्यापासून अगदी जाडपर्यंत अनेक वजनांत मिळतो, म्हणजे मथळा आणि मजकूर एकाच कुळातले ठेवता येतात. ‘रोझा वन’ म्हणजे जाड-बारीकचा टोकाचा फरक असलेला दणकट फाँट. दोन-तीन शब्दांच्या मथळ्याला, पुस्तकाच्या मुखपृष्ठाला, दुकानाच्या पाटीला शोभतो. पण त्यात परिच्छेद लिहू नका, बारीक रेघा लहान आकारात नाहीशा होतात आणि वाचणाऱ्याला नुसते काळे ठिपके दिसतात.

थोडक्यात नियम करायचा तर असा. जाड जुन्या वळणाचं अक्षर थोड्या शब्दांना वापरा. मोठ्या आकारात वापरा. भोवती मोकळी जागा सोडा. ताणू नका, कडा देऊ नका. आणि पानावर किंवा पाटीवर एकच गोष्ट जाड करा, जी वाचणाऱ्याला सर्वांत आधी कळायला हवी. यातलं निम्मं डोमगावच्या पोथीत साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून झालंय.

आता मूळ प्रश्न. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘जाहीर नोटीस’ येते. अमुक गटाची जमीन विकत घेतली जात आहे, कोणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावी, अन्यथा हरकत नाही असं समजलं जाईल. ती पेपरातल्या सर्वांत बारीक टाइपात असते, कारण जागेचे पैसे लागतात. कायद्यानं तुम्हाला कळवलं. डोळ्यानं नाही कळवलं. ज्या बहिणीचा त्या जमिनीत हिस्सा आहे, जी साठीची आहे, जिचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, तिच्यासाठी त्या नोटिशीत आणि तोफेवरच्या फारसीत काय फरक?

अक्षर मराठी झालं म्हणजे काम संपलं नाही. ते वाचता येईल एवढं मोठं आणि एवढं जाड असलं तर ते लोकांचं झालं.

म्हणून एक साधी मागणी आहे, तिला ना मोर्चा लागतो ना निधी. ग्रामसभेची सूचना, योजनेची यादी, अर्जाची शेवटची तारीख, रेशनचा दर, जे काही सरकारी भिंतीवर लागतं त्यातली तारीख, रक्कम आणि ठिकाण या तीन गोष्टी जाड मोठ्या अक्षरात असाव्यात. पाच हात लांबून सत्तर वर्षांच्या माणसाला वाचता याव्यात. बाकीचे नियम, कलमं, संदर्भ क्रमांक खाली बारीक असू द्या. पुढच्या ग्रामसभेत एकानं उठून एवढंच म्हणायचं: “साहेब, तारीख जाड करा.” ठरावात नोंदवून घ्या.

खर्च? एक कागद जास्त.